अठरावी गिरकी

आत्या नऊ वर्षांनी आमच्या घरी आली आणि आल्याआल्या तिनं खोट काढली ती जिन्यात. "हा जिना पूर्वी एवढा उंच नव्हता," धापा टाकत ती म्हणाली. जिना तोच होता, तितक्याच पायऱ्यांचा. पण हे आत्याला सांगायची कुणाची टाप?

तिच्या मागून बगळी आली. बगळी म्हणजे आत्याची नात. मान लांब, पाय त्याहून लांब, म्हणून लहानपणापासून बगळीच. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना भलंमोठं बँडेज होतं. आणि सगळ्यांच्या मागून, दोघींच्या बॅगा दोन खांद्यांना लटकवून, माझी लेक टिकली. ही जन्मली तेव्हा इवलीशी होती, आता सतरा वर्षांची झाली तरी उंचीनं फारशी प्रगती नाही. दोघी सात वर्षं बॅलेच्या शाळेत, त्यातली चार वसतिगृहाच्या एकाच खोलीत. उद्या त्यांची शेवटची चाचणी होती. मोठ्या नाट्यगृहाच्या नृत्यमंडळीत यंदा जागा एक, आणि गाळता गाळता यादीत उरलेली नावं दोन. ती यादी लागल्यापासून पंधरा दिवस दोघी एकमेकींशी जेवढ्यास तेवढंच बोलत होत्या.

चाचणीच्या आदल्या दिवशी शाळा मुलींना घरी सोडते. बगळीचं गाव गाडीनं पाच तासांवर, म्हणून ती आमच्याकडे येणार होती. आणि नातीला 'त्या घरात' एकटीला कसं सोडायचं, म्हणून आत्याही.

त्या घरात! जन्मली, वाढली ती ह्याच घरात. पण माझी आई सून म्हणून इथं आल्यापासून आत्याच्या तोंडी ते कधी 'माझं घर' आलं नाही.

आई दारातच उभी होती. "या, वन्सं," ती म्हणाली.

"आले, वहिनी. तुमची तब्येत बरी दिसते."

ऐकणाऱ्याला वाटावं, काय सालस नणंद-भावजय! पण ह्याच दोघी वयाच्या दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत एकमेकींना 'काडी' आणि 'भिंगरी' म्हणत होत्या आणि एकीला ताप आला तर दुसरी शाळेत जेवत नव्हती. 'वहिनी, तुम्ही' हे आत्यानं लग्नाच्या दिवशी बाहेर काढलं आणि मग कधी म्यान केलं नाही.

"पाणी घे आधी," मी म्हटलं.

"पाणी राहू दे. दार कुणी लावलं?"

टिकलीनं बॅगा खाली ठेवल्या आणि त्या नीट भिंतीशी लावत बसली, जणू तेवढंच एक काम जगात उरलं होतं.

दाराचं असं. टोकाचे बूट, म्हणजे ज्यांच्या पुढच्या कडक टोकावर उभं राहायचं ते, नवे असताना लाकडासारखे असतात. ते मऊ करायला मुली नाना उद्योग करतात. जिन्यावर आपटतात, पाण्याचा हात लावतात, आणि सगळ्यात जुना उपाय म्हणजे दाराच्या बिजागरीशी बूट धरून दार लावतात. एकटीला जमत नाही. एकीनं बूट धरायचा, दुसरीनं दार ढकलायचं. त्या दिवशी सकाळी वसतिगृहात बगळीनं बूट धरला होता, टिकलीनं दार ढकललं होतं, आणि बुटाबरोबर दोन बोटंही आत होती.

"आजी, मी सांगितलं ना तुला," बगळी म्हणाली. "मी हात काढायला उशीर केला. आणि नाचायला बोटं कुठं लागतात? बोटं हाताची आहेत."

"हाताची आहेत म्हणूनच विचारते. उद्या सकाळी नऊला चाचणी. फिती कोण शिवणार?"

फिती! तिथंच सगळं घोडं पेंड खात होतं. विकतच्या बुटांना फिती लावलेल्या नसतात, ज्याच्या त्याच्या पायाप्रमाणे त्या शिवाव्या लागतात. आत्याच्या दोन्ही डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. चष्मा मीच करून दिला होता, पण सुईत दोरा ओवणं तिला अजून जमत नव्हतं. बगळीची बोटं बांधलेली. राहिलं कोण? माझी आई, जिनं अठराव्या वर्षानंतर दुसऱ्या कुणाच्या बुटाला सुई लावली नव्हती. आणि टिकली.

"टिकली शिवेल," बगळी म्हणाली. "नेहमी तीच शिवते माझे. तिचे मी."

आत्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, ती उलट पावली तो उंच जिना उतरून जाणार. "काय म्हणालीस? तिचे तू आणि तुझे ती?" ती आईकडे वळली. "वहिनी, हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही हो," आई म्हणाली. तिचा आवाज पार खोल गेला होता. "मला आत्ताच कळतंय."

"मग रक्तातच असणार. माझ्या नातीच्या बुटाला ह्या घरातली सुई लागणार नाही. एकदा लागली तेवढी पुरे."

ती 'एकदा'ची गोष्ट आमच्या घरात कुणी मोठ्यानं सांगत नाही, आणि लहान पोरालाही ती पाठ आहे. मी ह्या घरातली एकमेव बाई जी नाचली नाही. माझे तळवे सपाट. शाळेच्या डॉक्टरांनी माझा ओला पाय फरशीवर उमटवून पाहिला आणि आईकडे बघून नुसती मान हलवली. पुढे मी चष्म्याचं दुकान काढलं. पण ती गोष्ट मलाही डोळ्यांसमोर घडल्यासारखी दिसते.

शाळेचा नियम होता, आपले बूट आपण शिवायचे. काडी आणि भिंगरीचा नियम वेगळा होता: तुझे मी, माझे तू. बाराव्या वर्षी पहिला जोड मिळाला तेव्हा दोघींनी आपापले शिवले आणि दोघींचेही उसवले. मग अदलाबदल करून शिवले, ते टिकले. झालं, शकुन ठरला. शाळेतल्या त्या थंड खोल्या, भिंतीलगतचा लाकडी दांडा, कोपऱ्यात राळेची पेटी, बूट घसरू नयेत म्हणून त्या राळेत दोघी एकदमच पाय चुरडायच्या. आई अजूनही कुठं राळेचा वास आला की बोलता बोलता थांबते.

आता त्या बुटाच्या काठाला परकरासारखा नेफा असतो आणि नेफ्यात बारीक नाडी. नाडी ओढली की बूट टाचेला आवळून बसतो. फीत शिवताना सुई नेफ्याच्या खालून जायला हवी. ती नेफ्यातून गेली आणि नाडी टाक्यात अडकली, तर पुढून कितीही ओढा, टाच ढिलीच राहते. हे शाळेतली बारा वर्षांची पोरगीसुद्धा जाणते.

भिंगरी, म्हणजे आत्या, एका पायावर सलग चोवीस गिरक्या घ्यायची. शाळेत दुसऱ्या कुणाला वीसही जमत नव्हत्या. शेवटच्या चाचणीत जागा तिचीच, हे काडीसकट सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. अठराव्या गिरकीला तिच्या डाव्या बुटाची टाच निसटली. घोटा दोन ठिकाणी मोडला. कपडेपटातल्या बाईंनी बूट उचलून नाडी ओढून पाहिली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ही नाडीच शिवली गेलीय. कुणी शिवला हा?"

"मी," काडी म्हणाली.

जागा काडीला मिळाली. चुकून की मुद्दाम, हे आत्यानं तिला कधी विचारलं नाही. आणि सात वर्षांनी काडी आबांशी लग्न करून ह्या घरात आली, तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "आधी पाय, आता भाऊ."

आबा त्या दुपारी खिडकीशी बसून होते. आबा म्हणजे आईचे नवरे आणि आत्याचे थोरले भाऊ, दोन दगडांवर पाय ठेवून जन्म काढलेला माणूस. धंदा चामड्याच्या पिशव्यांचा. हात डावखुरा. शर्टाच्या कॉलरच्या आत मेण लावलेल्या दोऱ्याची सुई कायम टोचलेली. लहानपणी मी गळ्यात पडले की ती मला बोचायची. दार कुणी लावलं ह्यावर चर्चा चाललेली असताना आबा वर्तमानपत्र वाचत होते. ते उलटं होतं की काय, हे मी पाहायला हवं होतं.

टिकली गच्चीवर गेली होती. मी चहा घेऊन गेले तर कठड्याला टेकून उभी.

"आई, एक विचारू? रागावणार नाहीस?"

"विचार."

"मी मुद्दाम लावलं असेल का गं दार?"

मी कप कठड्यावर ठेवला. "असं कसं बोलतेस?"

"मला आठवत नाही म्हणून विचारते. मी ढकललं एवढंच आठवतं. पण काल रात्री अंथरुणात माझ्या मनात आलं होतं, हिला ताप आला तर? नुसता ताप. असं मनात येऊन गेलं आणि सकाळी हे झालं." तिनं नाक पुसलं. "ती म्हणते तिचीच चूक. पण तिला काय माहीत माझ्या मनात काय होतं ते? आत्याआजी बरोबर बोलतेय. मी नको शिवायला. माझ्या हातून काहीतरी होईल."

मी तिला जवळ घेतलं, वेडाबाई म्हटलं, पाठीवर थापटलं. ह्यापलीकडे सपाट तळव्यांच्या बाईला काय सुचणार? मागे वळले तर दारात आई. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर इतकी भीती मी कधी पाहिली नव्हती, आबांच्या आजारपणातही नाही.

आईनं मला नंतर सांगितलं की त्या क्षणी तिला टिकली दिसलीच नाही. तिला ती स्वतः दिसली, अठरा वर्षांची, दवाखान्याच्या बाकावर. तिच्याही मनात आदल्या रात्री आलं होतं. भिंगरी एकदा तरी चुकू दे, एवढंच. आणि मग आयुष्यभर तिला कळलं नाही की तिची सुई चुकून गेली की त्या विचारानं नेली.

"चल खाली," ती टिकलीला म्हणाली. "तुला एक दाखवायचंय."

ती खोलीत गेली, कपाटाच्या वरच्या फळीवरून एक चपटी पेटी काढली आणि जेवायच्या टेबलावर आणून ठेवली. वर्तमानपत्राचा पिवळा पडलेला कागद उलगडला. आत एकच बूट होता. डावा.

आत्या खुर्चीतून अर्धी उठली. "हा तुमच्याकडे आहे?"

"कपडेपटातून उचलला मी तेव्हा. तुम्हाला दवाखान्यात नेत होते."

"आणि जपून ठेवलात? बक्षीस म्हणून?"

"शिक्षा म्हणून," आई म्हणाली. "कागदात गुंडाळला तो आज उघडतेय. बघायची हिंमत झाली नाही कधी. वन्सं, तुम्ही काय बोलायचं ते बोला, तुमचा हक्क आहे. पण आधी मला ह्या पोरीशी बोलू दे. टिकले, हा बूट मी शिवला. माझ्या मनात पाप येऊन गेलं होतं. मनात येणं वेगळं आणि हातानं करणं वेगळं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. गप्प बसले. त्यानं काय झालं ते समोर बघ. आम्ही दोघी बघ. तू असं करायचं नाहीस. मनात काय आलं होतं ते तिच्या तोंडावर सांगायचं, आज, आत्ता."

बगळी टेबलाच्या पलीकडे उभी होती. टिकलीनं मान वर न करता सांगितलं, "तुला ताप यावा असं मला वाटलं होतं."

"कधी?"

"काल."

बगळीनं थोडा विचार केला. "मला गेल्या आठवड्यात वाटलं होतं, तुझा पाय मुरगळावा. फार नाही, थोडासा."

"भवाने!" टिकली म्हणाली, आणि हसू की रडू अशा आवाजात दोघींच्या तोंडून काहीतरी एकदमच बाहेर पडलं. पंधरा दिवसांत प्रथमच त्या एकमेकींकडे नीट पाहत होत्या.

आत्याला मात्र हसू आलं नाही. "झालं तुमचं? वहिनी, कबुली उत्तम दिलीत. बावन्न वर्षं उशिरा दिलीत, एवढंच."

टिकलीनं बूट हातात घेतला होता. शाळेतल्या पोरींना बूट दिसला की त्या आत बोट घालून बघतातच. सवयच ती. तिनं नेफा चाचपला, नाडी ओढली, मग कपाळाला आठ्या घातल्या. "आई, तुझं ते भिंग दे."

दुकानातलं भिंग माझ्या पर्समध्ये असतंच. तिनं ते डोळ्याला लावलं.

"आजी, ही बाहेरच्या बाजूची फीत तू शिवलीस. गुलाबी रेशीम, बारीक बारीक फुल्या. अजून तशाच घालतेस तू. इथं नाडी मोकळी आहे."

"मग आतल्या बाजूची असेल."

"आतल्या बाजूची आहेच. पण ती तुझी नाही."

"माझी नाही म्हणजे? दोन्ही मीच लावल्या."

"हा दोरा जाड आहे. तपकिरी. मेण लावलेला. आणि टाके..." टिकली थांबली. तिनं भिंग खाली ठेवलं, माझी पर्स ओढून घेतली आणि तिच्या पट्ट्यावरची शिलाई बुटाशेजारी धरली. ती पर्स आबांनी मला लग्नात दिलेली. एकेक टाका डावीकडे कललेला, डावखुऱ्या हाताचा. बुटातले टाकेही तसेच, डावीकडे कललेले.

खोलीतल्या सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. आबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"दादा," आत्या म्हणाली. "हे काय आहे?"

आबांचा हात आपोआप कॉलरकडे गेला आणि तिथंच राहिला.

"तुझी बॅग मी उचलली होती त्या सकाळी," ते म्हणाले. "आठवतं? मी शिवलेली पहिली बॅग. तुला हौसेनं दिली होती. तिचं बक्कल वाकडं बसलं होतं. जिन्यात फीत त्यात अडकली आणि मी हिसडा दिला. फीत निघाली हातात."

"मग?"

"मग बाहेर बाकावर बसलो आणि शिवून टाकली. सुई होतीच. पाच मिनिटांचं काम. चांगली पक्की शिवली, दोनदा. मला काय माहीत आत नाडी असते! मी आपला पिशवीला मारतो तसा आरपार टाका मारला."

"आणि सांगितलं नाहीस."

"पहिलीच बॅग होती. मला काम शिकवणारे उस्ताद म्हणाले होते बक्कल वाकडं आहे, दुरुस्त कर. मी म्हटलं होतं, कुठं वाकडं आहे? लाज वाटली."

"ते सकाळचं. संध्याकाळी दवाखान्यात काय झालं होतं?"

आबांना दिसत होता तो दवाखान्यातला लांब बोळ. प्लास्टरमधली बहीण, भिंतीकडे तोंड करून उभे असलेले वडील, आणि एक काडीसारखी पोरगी धावत आलेली, 'माझ्याच सुईनं झालं, माझ्याच सुईनं झालं' असं म्हणत. नाडीचं त्यांना तेव्हा कळलं. तोंड उघडलंही होतं त्यांनी. वडिलांनी वळून पाहिलं आणि आबांचं तोंड मिटलं.

"एक मिनिट गेलं," आबा म्हणाले. "म्हटलं, उद्या सांगू. उद्या म्हटलं, तू बरी झाल्यावर. मग हिनं कबूलच केलेलं. मग वर्षं गेली. जितकं उशिरा, तितकं अवघड."

आई इतका वेळ उभीच होती. आता ती अगदी हळू बोलली. "अहो, मला तरी सांगायचंत. पंचेचाळीस वर्षं शेजारी झोपले तुमच्या."

"तू मला सोडून गेली असतीस."

"लग्न तरी कशासाठी केलंत? भरपाई म्हणून?"

"नाही!" आबा एकदम उठले. "ते नाही. तेवढं नाही. तू आवडत होतीसच. आधीपासून. म्हणून तर बॅग उचलायला यायचो रोज."

आईनं ते ऐकलं, मान हलवली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. धुवायला भांडं एकही नव्हतं.

आत्या भावाकडे बघत राहिली. मला वाटलं आता जमीन हादरणार. पण ती एवढंच म्हणाली, "दादा, पिशव्या शिवणाऱ्यानं पिशव्या शिवाव्यात रे." आणि काठी टेकत आईच्या मागे गेली.

आता आतलं बोलणं मी चोरून ऐकलं, हे कबूल करते. ज्यांना नाचता येत नाही त्यांना कान तरी असावेत.

"नळ बंद करा," आत्या म्हणाली.

नळ बंद झाला.

"एकदाही वाटलं नाही, आपण तपासून बघावं?"

"कशाला बघायचं? मला खात्रीच होती," आई म्हणाली. "दहा वर्षं नाचले मी. टाळ्या पडल्या की वाटायचं, ह्या भिंगरीच्या. माझं एकही फूल मी घरी आणलं नाही, तिथंच टाकून यायचे. आता मला कळत नाही मी कुणावर रागावू."

"त्याच्यावर. हक्काचा आहे," आत्या म्हणाली. "मलाही विचारता आलं असतं. एकदा विचारलं असतं, 'तू मुद्दाम केलंस का?' तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"माहीत नाही म्हणाले असते."

"आणि मी ते खरं मानलं असतं. म्हणूनच विचारलं नाही. घोटा गेला होता, नाच गेला होता. तुमच्यावरचा राग तेवढा शाबूत होता. तोही गेला असता तर माझ्याकडे राहिलं काय असतं?" आत्याचा आवाज चिरकला. "पहिले दोन महिने प्लास्टरमध्ये होते ना, तेव्हा रोज वाटायचं, काडी येईल. दार वाजलं की वाटायचं. आलीस का नाहीस गं?"

"आले होते. तीनदा. तुझ्या वडिलांनी खालूनच परत पाठवलं."

मग कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. दोघींपैकी कोण ते कळलं नाही, दोघींची शिंकरायची पद्धत एकच आहे. शाळेतली असावी.

बाहेर आल्या तेव्हा आत्या पुढे होती. तिनं टेबलावरचा जुना बूट आबांसमोर ठेवला. "उसव."

आबांनी कॉलरमधली सुई काढली. बहात्तर वर्षांचा डावा हात, पण टाके निघत होते एकेक करून. पक्के शिवले होते खरेच. शेवटचा टाका तुटला, फीत सुटली. टिकलीनं नाडी ओढली तर ती कुठंही न अडता सरळ आली आणि बुटाची टाच आवळली गेली.

आत्यानं तो बूट घेतला, बोटांनी चाचपला. "बसला असता," ती म्हणाली. मग तिनं बगळीच्या बॅगेतून नवा जोड काढला आणि तो टिकलीच्या पुढ्यात सरकवला. "शिव. आणि नाडी सांभाळ."

पहिले चार टाके टिकलीनं घातले आणि उसवले. बगळी तिच्या खांद्याला टेकून बसली आणि बँडेजमधली बोटं नाचवत म्हणाली, "एवढं काय घाबरतेस? पडले तर जागा तुलाच."

"गप बस, नाहीतर तोंड शिवीन."

तिकडे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टिकलीचे बूट पडले होते, तेही शिवायचेच होते. आत्यानं ते जवळ ओढले. चष्मा वर केला, खाली केला, सुई डोळ्यांपासून लांब धरली, जवळ धरली. दोरा काही जाईना. शेवटी वैतागून तिनं सुई आईपुढे केली.

"ओवून दे, काडे."

आईनं ओवून दिली. आबा खिडकीशी जाऊन बसले. त्यांच्याशी त्या दिवशी आई बोलली नाही, नंतरचे दोन महिनेही बोलली नाही. चहा मात्र तिनं वेळेवर दिला, आधी नुसता, मग बिस्किटांसकट.

जागा कुणाला मिळाली ते सांगून टाकते, कारण आता ते सगळ्यांना ठाऊकच आहे. बगळीला मिळाली. टिकली बसमध्ये घरापर्यंत रडली, आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही, आणि पहिल्या प्रयोगाच्या आधी बगळीचे बूट शिवायला नाट्यगृहावर जाऊन बसली. आता ती आमच्या घराखालच्या हॉलमध्ये लहान मुलींना शिकवते. सुरुवात नाचापासून करत नाही, नेफ्यापासून करते. पण चाचणीचा विषय निघाला की मला निकाल आठवतच नाही. मला आठवतात त्या प्रेक्षागृहातल्या तिसऱ्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या.

नऊ वाजून वीस मिनिटांनी बगळी मंचावर आली. पियानो सुरू झाला. गिरक्या तिच्या नाचात शेवटी होत्या, आणि आत्याच्या हट्टानं त्या चोवीसच बसवलेल्या. टिकली पडद्याच्या आड उभी होती, मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता, ओठ हलताना दिसत होते. इकडे आत्याही मोजत होती, आवाज न करता. आई मोजत नव्हती. तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

चौदा. पंधरा. आत्याचा हात आईच्या मांडीवर गेला, चाचपडत तिचा हात शोधला आणि असा धरला की आईच्या बोटांना कळ आली असावी. सोळा. सतरा. बगळीचा डावा पाय लाकडावर टकटक वाजत होता, तेवढाच काय तो आवाज. अठरा.

आईनं श्वास धरला होता. तिला काही दिसत नव्हतं, तिला फक्त पियानो ऐकू येत होता, आणि मग अगदी कानाशी आत्याचा आवाज.

"एकोणीस," आत्या म्हणाली. "डोळे उघड गं काडे, एकोणीस."